पिवळ्या चकतीपासून किती

गेल्या रविवारी पोहे खाताना मी बायकोला सगळं सांगून टाकलं. जी गोष्ट मी लग्नाच्या आधीपासून पोटात ठेवली होती, ती दोन घासांच्या मधे बाहेर पडली.

विमानातून उडी मारायची आणि पॅराशूटनं ठरल्या जागी उतरायचं, ही तिची स्पर्धा. खडीच्या मोठ्या वर्तुळात मधोमध बशीएवढी पिवळी चकती. टाच पहिल्यांदा जिथे टेकेल तिथून चकतीपर्यंत टेप धरायची. ज्याचं अंतर कमी तो जिंकला. तिनं वर्षानुवर्षं उड्या मारल्या, मग देशोदेशी पंच म्हणून उभी राहिली. मी पंच झालो तो एकदाच.

खडकवासल्याच्या पलीकडचा माळ होता. एक पंच आजारी पडला, म्हणून मला उभं केलं. आमचं लग्न ठरलं होतं, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी बाजूला व्हायला हवं होतं, झालो नाही. ती खाली येताना भीतीनं मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा खडी उडाली होती, बाकीचे दोघे पंच धुळीनं डोळे चोळत होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. पक्षपाताचा संशय नको म्हणून टाच टेकल्याची जागा म्हणून मी चकतीपासून जरा लांबच बोट ठेवलं. दोन बोटांच्या फरकानं तिचा पहिला नंबर गेला.

"तुम्ही डोळे मिटले होते," ती पोहे चावत म्हणाली, "हे मला वरूनच दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर लग्न मोडलं असतं. शिवाय डोळे उघडे ठेवणारा पंच कुणीतरी व्हायला हवं होतं. मी झाले."

मला हसू फुटलं, थांबेचना. तीही हसायला लागली. मग एकदम उठून म्हणाली, "अहो, गच्चीवर चला. निकाल पुन्हा लावू."

वारज्यातल्या आमच्या गच्चीवर तिनं खडूनं वर्तुळ काढलं, मधे लोणच्याच्या बरणीचं पिवळं झाकण ठेवलं आणि पाण्याच्या टाकीच्या शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर चढली. वय पंच्याहत्तर. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या वहिनींनी विचारलं, "काकू, काय चाललंय?"

"स्पर्धा. तुम्ही बोलू नका, पंचांचं लक्ष उडतं."

तिनं हात पसरले. या वेळी डोळे मी फाडून उघडे ठेवले. टाच टेकली. मी गुडघ्यांवर बसलो, टेप धरली.

"तीन सेंटिमीटर."

ती वाकली, टेप स्वतः ओढली. "चार आहेत. तेव्हा माझ्या विरुद्ध, आता माझ्या बाजूनं. सुधारणा आहे, पण पंच म्हणून तुम्ही बाद."

"आणि नवरा म्हणून?"

"तो निकाल राखून ठेवलाय," ती म्हणाली आणि पुन्हा पायरीवर चढली.