नेलिदाचे तास

आमच्या वसाहतीत घर विकत मिळत नाही, बांधावं लागतं. पायसांदू शहरात नदीकाठी बत्तीस कुटुंबांनी मिळून बांधलं. घरटी आठवड्याला एकवीस तास काम. मी जुना गवंडी, म्हणून तासांची नोंद माझ्याकडे.

नेलिदा फागुंदेस शिवणकाम करायची. गुडघा गेलेला, म्हणून तिला कुठल्या घराला काय लागेल त्या सामानाच्या याद्या ठेवायचं काम दिलं. कचेरीतला संगणक जुना. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाहीच. आधी ती एकेक ओळ शोधून दुरुस्त करायची. एकवीस तास पुरत नसत. मग वहीत रोज संगणकाची एक आज्ञा लिहून पाठ करू लागली. बोटं कळफलक सोडेनात.

पुढे नकाशा बदलला, घरांचे क्रमांक सरकले. चाळीस याद्या दुरुस्त करायच्या होत्या. तिने आज्ञांची एक ओळ लिहिली आणि कळ दाबली.

"झालं, मिस्त्री."

"काय झालं?"

"चाळीसच्या चाळीस. वीस मिनिटं. त्यातली पंधरा तपासण्यात गेली."

"मग वीस मिनिटंच लिहितो."

"लिहा, खोटं कशाला सांगू? पण तुमची कप्पी विटा निम्म्या वेळात वर नेते. तुमचे तास कुणी कापले?"

"कप्पी ओढायला घाम लागतो, बाई! तुझा तर कुठे दिसत नाही."

कडू येर्बा चहाचं भांडं हातोहात फिरत होतं. सगळे हसले. तीही हसली, थोडी उशिरा.

सभेत मी हात वर केला. नेलिदाचे तास भरत नाहीत, म्हणालो. नोंदले तेवढेच धरायचे, असा ठराव झाला. उरलेले तास भरायला तिने त्याच गुडघ्यावर सहा आठवडे वाळूची घमेली वाहिली. तरी कमीच पडले. ज्याचे तास पूर्ण, तो घर आधी निवडतो. तिच्या वाट्याला शेवटचं आलं, तिसऱ्या मजल्यावरचं. मी तळमजला घेतला.

थापी हातातून खाली ठेवायची नाही, हे मी चाळीस वर्षं शिकाऊंना सांगितलं. ती कळफलकावर तेच करत होती, माझ्या डोळ्यांदेखत. आणि कप्पी लावल्यापासून माझं काम दुपारीच संपायचं. माझ्या नावापुढे मी पूर्ण दिवस लिहीत होतो. वही माझ्याच हातात होती.

रोज जिन्यावर तिची पावलं ऐकतो. एक पायरी, थांबणं, पुन्हा एक. घरांची अदलाबदल करू, असं सांगायला दोनदा वर गेलो. दोन्ही वेळा दारावरून परत आलो.

शनिवारी सभा आहे. वही घेऊन जाणार आहे. आधी माझे तास वाचीन, मग घराचं बोलेन.