तिसऱ्या वळणावरची फीत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे – आणि तरी आधी रघूबद्दलच बोलावंसं वाटतं.

रघू उधव्याचा, आमच्याच पाड्यावरचा. डोंगरउतारावरून सायकल खाली सोडायची कशी, हे मी त्याच्याकडून शिकलो. मुरमावर चाक कुठे धरेल, कुठे सरकेल, हे त्याला दुरूनच कळायचं. मी ब्रेक आवळला की मागून ओरडायचा, "अरे मास्तर, ब्रेक काय देव आहे का? किती हात जोडशील!" मास्तर – कारण पाड्यावरून कॉलेजात जाणारा मी एकटाच होतो.

म्हणूनच, नाशिककडच्या घाटात पहिली मोठी शर्यत होती तेव्हा नियमांचा इंग्रजी कागद मीच त्याला वाचून दाखवला. वाटेच्या दोन्ही बाजूंना फीत बांधलेली असते. फितीबाहेर गेलात, तर जिथून गेलात तिथूनच आत यायचं. नाहीतर बाद. रघूने पुन्हा विचारलं, "तिथूनच?" मी म्हटलं, "तिथूनच."

या शर्यतीतून राज्याच्या संघात एकालाच जागा मिळणार होती.

एकेकाला सोडून वेळ मोजायचे. मी आधी सुटलो. तिसऱ्या वळणावर चाक घसरलं आणि मी फितीखालून बाहेर गेलो. थांबायला हवं होतं – पण वळणावरचा पंच पाण्याची बाटली उचलायला वाकला होता. मी तसाच खाली उतरलो आणि वीसेक पावलं पुढे आत शिरलो. गोंधळलो होतो का? नाही. नियम मला पाठ होता.

खाली शेवटच्या रेषेजवळ उभा राहून मी वर पाहत होतो. रघू आला. दगडांवरून चाकं उडत होती, पण त्याचे खांदे हलत नव्हते. असं उतरणं मी पुढे परदेशातही पाहिलं नाही. त्याच वळणावर तोही बाहेर गेला. थांबला. सायकल खांद्यावर घेतली, चार पावलं वर चढला आणि जिथून बाहेर पडला होता तिथूनच आत आला. कुणी बघतंय का, हे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

एवढं चढूनही तो माझ्यामागे दोनच सेकंद राहिला.

त्या दोन सेकंदांवर माझं सगळं उभं आहे – संघ, परदेशातले डोंगर, खेळाडू म्हणून मिळालेल्या सवलतीत पुरी झालेली बी. ए. घरातला पहिला पदवीधर म्हणून शाळेने माझा सत्कार केला. रघू तलासरी नाक्यावर पंक्चर काढतो.

त्या संध्याकाळी मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो का? परतताना टेम्पोत तो माझ्याशेजारी बसला होता. गुडघ्याचं रक्त पुसत म्हणाला, "बरं झालं मास्तर, तू नियम वाचून दाखवलास. नाहीतर मी खालूनच शिरलो असतो न् बाद झालो असतो."

मी म्हणालो, "हो. बादच झाला असतास."