चौऱ्याऐंशी बटणं

माझी वहिनी नाटकांचे कपडे शिवते. हात असा, की गोणपाटातून राजा उभा करील. पण कात्री आणायला उठली की दोन तासांनी पडद्याच्या कड्या घासताना सापडते, आणि कात्री तिच्या गळ्यातच लटकत असते. घरात तिचं नाव पडलं ‘अर्धवट’. खोटं कशाला बोलू, ते मीच ठेवलं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला डॉक्टरांकडे नेलं तेही मीच. एका आठवड्यात तिसऱ्यांदा इस्त्री चालू राहिली, टेबल जळलं, आणि दादानं हात टेकले. पहिल्या वेळी ती जायचंच विसरली. दुसऱ्या वेळी भलत्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसली. तिसऱ्यांदा मी मनगट धरून नेलं. डॉक्टरीणबाईंनी शाळेपासूनचं सगळं खोदून विचारलं, तिच्या आईशी फोनवर बोलल्या आणि म्हणाल्या, हा एडीएचडी. लक्ष नसतं असं नाही; ते कुठे ठेवायचं हे हातात नसतं. लहानपणापासूनचं आहे. मुलींचं लवकर ध्यानात येत नाही, त्या बोलणी खाऊन गप्प बसतात.

वहिनी रडेल असं वाटलं होतं. ती भडकली. बसथांब्यावर मला म्हणाली, “इतकी वर्षं स्वतःला आळशी म्हणत आले मी. ती आता कोण भरून देणार?”

त्यातली बावीस वर्षं माझ्या देखत गेली होती.

गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण सल्ल्यांना ऊत आला. दादा म्हणाला, यादी कर. तिनं यादीभोवती सुरेख वेलबुट्टी काढली. कामं होती तिथेच राहिली. मी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे बाहीचा नमुना आखलेला. मी चिडले तशी तीही चिडली. “काय करायचं ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? सगळं कळतं. सुरूच होत नाही.”

अशात नाटक मंडळीचं काम आलं: राणीचा झगा आणि शिपायांचे सात कोट. रंगीत तालमीला चार दिवस उरले तेव्हा झगा तयार होता. प्रेक्षकांना जन्मात दिसणार नाही अशा अस्तरावरसुद्धा तिनं पक्षी भरले होते. कोटांना मात्र एकही बटण नव्हतं. दिग्दर्शक पक्षी पाहून थक्क झाला आणि कोट पाहून मटकन खाली बसला.

एरवी तिनं दहा सबबी सांगितल्या असत्या. त्या दिवशी सरळ म्हणाली, “बटणं एकटीनं होणार नाहीत माझ्याकडून. कुणीतरी शेजारी बसा. काही करू नका, नुसते बसा.”

नुसतं बसायला रिकामं कोण असतं? दिग्दर्शकानं दादाकडे पाहिलं, दादानं माझ्याकडे. मी शाळेच्या कचेरीतून तीन दिवसांची रजा काढली आणि उसवायला एक जुना स्वेटर घेऊन गेले. तिनं सातही कोट एका दोरीवर टांगले. एका कोटाला एक बटण लावायचं की पुढच्या कोटाकडे. एकाच कोटापाशी बसलं की म्हणे जीव गुदमरतो. मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. ती पन्नास वेळा उठली. मी मान वर न करता “बटण” म्हणायचे, ती करवादत परत यायची. तोंड तर क्षणभर बंद नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी लागली. एका कोटाची उलट्या बाजूला. मी दाखवली तेव्हा असं पाहिलं माझ्याकडे, जणू मीच लावली होती. पण उसवून पुन्हा लावली.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी तिच्याकडे जाऊन बसते. ती आता कपडे दोरीवर टांगूनच शिवते, आणि अस्तरं नटवायला तिला दुसऱ्या मंडळींकडूनही बोलावणी येतात. माझे स्वेटर संपत आले.

काल तिनं आठवणीनं फोन करून पाचला बोलावलं. दाराला कुलूप. पाऊण तास पायरीवर बसले. मग रंगाचे डबे सावरत ती आली आणि मला पाहून म्हणाली, “अगं, तू इथे कशी?”