आधी मुलाची तपासणी

लग्नाची पत्रिका हातात आली की सर ती लगेच उघडत नसत. चष्मा कपाळावर सरकवून देणाऱ्याकडे बघत आणि विचारत, "मुलाची तपासणी झाली?" समोरच्याला वाटे, रक्तगटाबद्दल विचारताहेत. मग सर हळू आवाजात, पण स्पष्ट सांगत, की वीर्याची. पत्रिका देणारा चहा न घेताच उठे.

असा माणूस तुमच्या ओळखीत असता, तर तुम्हीही त्याला थोडं टाळलंच असतं. आम्ही बऱ्हाणपूरच्या एकाच शाळेत शिकवत होतो, घरंही एकाच गल्लीत. एखाद्या तरुण शिक्षकानं गुटख्याची पुडी फाडली की सर म्हणत, "बाप व्हायचंय ना तुला?" रविवारी ते जसोंडीला, आपल्या गावी जात आणि कपाशीवर फवारणी करणाऱ्या पोरांना नाकातोंडाला फडकं बांधायला लावत. मुलींशी बोलायचं काम माझ्याकडे. सर मला सांगत, "पाळी चुकत असेल, फार दुखत असेल, तर आत्ताच डॉक्टरला दाखवा म्हणावं. लग्नापर्यंत थांबू नका."

माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मीही त्यांच्यावर चिडले होते. पण सर त्याला स्कूटरवर बसवून तपासणीला घेऊनच गेले. अंडकोषातल्या शिरा फुगलेल्या निघाल्या. लहानसं ऑपरेशन झालं. माझी नात आता चालायला लागली आहे.

हे सगळं सरांना कुठून कळलं, ते मला त्यांच्या बायकोनं, वहिनींनी सांगितलं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. वहिनींनी खकनारच्या वैदूचे काढे घेतले, उपास केले, इंदूरला दुर्बिणीतून पोट तपासून घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याचीही तपासणी करायला सांगितली, तेव्हा सर "मला काय झालंय?" म्हणत खुर्ची सरकवून निघून आले. खरं तर कॉलेजात असल्यापासून त्यांच्या जांघेत दुखायचं. केळीचे घड उचलले की जास्तच. शरमेनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी ते एकटेच जळगावला गेले, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. दोष त्यांच्यात निघाला. वेळेवर आला असतात तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता आशा थोडी होती, आणि वहिनींचंही वय होत चाललं होतं. घरी येऊन सरांनी बायकोला सगळं सांगितलं, रडले, आणि मग म्हणाले, "आईला इतक्यात सांगू नको."

वहिनींनी ते पाळलं. सासू मात्र ताटावर, पाहुण्यांसमोर, कुणाच्या बारशाला निघताना बोलतच राहिली. एक दिवस वहिनी बॅग भरून खंडव्याला भावाकडे गेल्या.

त्यानंतर सर सगळ्यांना सांगायला लागले. शाळेत, लग्नघरी, गावच्या पारावर ते सरळ म्हणत, "दोष माझ्यात होता." मला त्या धाडसाचं फार कौतुक वाटे. खंडव्याला वहिनींना भेटले तेव्हा मी ते बोलूनही दाखवलं. त्या पालक निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरात आईला एकदा सांगितलं असतं, तर मला पुरलं असतं."

मागच्या उन्हाळ्यात सर वर्गात फळ्यापाशीच कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी वहिनी आल्या. ओसरीवर बसलेल्या म्हातारीनं सुनेला पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आली वांझोटी. माह्या लेकाले आग द्यायले बी कोनी ठेवलं नाही हिनं."

अंगणात आम्ही सगळे शाळेतले उभे होतो. म्हातारी सोडून तिथं सगळ्यांनाच खरं ठाऊक होतं. हेडमास्तर पुढे झाले, "आजी, तसं नाही..." वहिनींनी त्यांच्याकडे बघून नुसती नकारार्थी मान हलवली. मग आत गेल्या, तांब्या भरून आणला आणि सासूसमोर जमिनीवर बसल्या.

"आत्याबाई, पाणी घ्या. सकाळपासून काही गेलं नसेल पोटात तुमच्या."

म्हातारीनं तांब्या घेतला. बाहेर पुतण्यांची बोलणी चालू होती, आग कोणी द्यायची त्याची.