बारापैकी बारा

हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. देवापुढे हात जोडून उभी राहते आणि ऐन वेळी दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही. तीन दिवस झाले, या चार ओळींच्या पुढे हात जात नाही.

आधी इकडचं तिकडचं सांगते. मग येईल ते.

मी शिक्षिका आहे. धुळ्यात देवपूरला राहते, पाचवीला इंग्रजी शिकवते. माहेर जळगावजवळचं असोदा. माहेरी आणि सासरी माझी एकाच गोष्टीसाठी ख्याती — कागद सांभाळण्यासाठी. जन्मदाखले, सातबारे, कुणाची पॉलिसी, कुणाच्या लग्नातली आहेराची यादीसुद्धा. प्रत्येकाची वेगळी फाइल, फाइलवर नाव, आणि सगळं लोखंडी कपाटात. माझ्या चुलत सासूबाई नव्या सुनांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "हिले बठ्ठं याद शे. हिनाजोडे कागद दिधा का निवांत झोपानं." म्हणजे हिला सगळं आठवतं, हिच्याजवळ कागद दिला की निवांत झोपायचं.

मला हे ऐकायला आवडायचं. फार आवडायचं. हे इथेच सांगून ठेवते.

विनायक माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. राहायला असोद्यालाच, पण जळगावात त्याचा कॉम्प्युटरचा क्लास होता. दुपारी क्लास रिकामा असायचा तेव्हा तो परदेशातल्या लोकांच्या वेबसाइट करून द्यायचा. त्यातल्या एकाने त्याला सगळा मोबदला क्रिप्टोमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनात, दिला. आमच्या घरात कुणाला तो शब्द नीट म्हणताही येत नसे. मी त्याला विचारलं होतं, "सट्टा खेळतोस का रे?" तो हसला. "सट्टा नाही व अक्का, मजुरी आहे माह्यी. नोटा दिसत नाही, एवढंच."

एका उन्हाळ्यात तो मुद्दाम एसटीने धुळ्याला आला, मला एक कागद द्यायला. वहीचं पान होतं. त्यावर एक ते बारा आकडे आणि प्रत्येकापुढे इंग्रजीतला एक साधा शब्द. छत्री, पूल, कांदा असे — एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. त्याने मला समजावून सांगितलं. पैसे फोनमध्ये नसतात, फोन नुसतं दार. हे बारा शब्द म्हणजे चावी. फोन हरवला, फुटला तरी नव्या फोनवर हे शब्द याच क्रमाने टाकले की पैसे परत दिसतात. फोटो काढायचा नाही, फोनमध्ये लिहायचे नाहीत, फक्त कागदावर. एक कागद त्याच्या क्लासच्या कपाटात, दुसरा माझ्याकडे.

"आणि दोन्ही गेले तर?" मी विचारलं.

"मग बोंबल. ब्यांक नाही, मॅनेजर नाही, कोणाच्या पाया पडावं तर तेही नाही." आणि मग म्हणाला, "पण तुह्यापाशी देला म्हणजे देवापाशी देला."

तो उन्हातून आलेला, भुकेला. मी शेवभाजी टाकायला आत गेले. कूलर चालू होता, कागद उडेल म्हणून तो मी टेबलावरच्या गठ्ठ्याखाली सरकवला. नंतर फाइलला लावू. लावला असंच मला वाटत राहिलं — अगदी खात्रीने.

दोनेक वर्षं गेली. जळगावच्या स्टँडवर गर्दीत विनूचा फोन चोरीला गेला. त्याने क्लासचं कपाट उघडलं तर खालच्या कप्प्याला वाळवी लागलेली, कागदाचा भुगा. तरी तो घाबरला नाही. घाबरायचं काय? अक्का होती ना. त्याच सुमारास क्लाससाठी स्वतःचा एक गाळा त्याने बघून ठेवला होता, मालकाने पंधरा दिवस थांबतो म्हणून शब्द दिला होता. हे पैसे त्यासाठीच. तो हसत आला माझ्याकडे. "अक्का, काढ बरं आपली चावी."

मी कपाट उघडलं. त्याची फाइल काढली. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची पत्रिका. तो कागद नव्हता. दुसरी फाइल, तिसरी फाइल. बाहेरून त्याचा आवाज येत होता, माझ्या नवऱ्याशी चाललेला — "दाजी, हिचं कपाट पाहून तहसीलदार लाजतील." दोघं हसत होते. मी आत फायली उपसत होते.

सापडत नाही. एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द! विनू, सापडत नाही रे, चूक झाली माझी. तो मला काय म्हणणार होता? काही नाही. मला आजही खात्री आहे, काही म्हणाला नसता.

मी बाहेर आले आणि म्हणाले, "विनू, तू मला कागद दिलाच नव्हतास."

तो हसला. गंमत करतेय असं वाटलं त्याला. "देला व. इथंच बसलो होतो मी. कूलर चालू होता. तू शेवभाजी केली होती."

सगळं आठवत होतं त्याला. कूलरसुद्धा. माझा नवरा माझ्याकडे बघत होता. आणि मग मी ते वाक्य बोलले — ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

"आबांचंही असंच सुरू झालं होतं."

आबा म्हणजे आमचे वडील. शेवटची सहा वर्षं त्यांना कशाचीच आठवण राहिली नव्हती. आई जाऊन वर्षं झाली तरी तिला हाका मारत. मी दिवाळीला गेले की मला विचारत, "बाई, तुम्ही कोणाच्या?" मी डोळे पुसत दोन दिवस राहायचे आणि धुळ्याला परत यायचे. त्यांना आंघोळ घातली विनूने. भरवलं विनूने. घरातून निघून जात, तेव्हा केळीच्या बागांतून शोधून आणलं तेही विनूनेच. हा आजार रक्तातून येतो का, हे त्याने प्रत्येक डॉक्टरला विचारलं होतं. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणून तर ते वाक्य मला इतक्या चटकन सापडलं.

त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. कूलरकडे पाहिलं. मग हळू म्हणाला, "देला नसंल मग."

आता पुढचं. तुम्ही म्हणाल, घाबरून बोलली असेल बाई, क्षणाचा दोष. थांबा.

आठ दिवसांनी मला कागद सापडला. दुपारी रद्दीवाल्यासाठी माळ्यावरचे गठ्ठे खाली घेतले होते. जुन्या वर्गाच्या इंग्रजी डिक्टेशनच्या चिठ्ठ्या दोरीने बांधलेल्या. त्यात विनूचं ते पान. एक ते बारा आकडे, पुढे शब्द — आणि प्रत्येक शब्दापुढे लाल शाईने बरोबरची खूण. माझी. त्या दिवशी तो गेल्यावर मी गठ्ठा तपासायला घेतला असणार, आणि पोरांच्या चिठ्ठ्यांबरोबर हेही तपासून टाकलं असणार. खाली लिहिलं होतं, १२/१२. त्याच्याखाली माझी सही. वर कोपऱ्यात शेरा — "नाव लिहिले नाही."

मी खाली बसून हसले. खरंच हसले. आणि मग हसू थांबलं.

गाळ्याच्या मुदतीतले सात दिवस बाकी होते. मी मोजले. फोन हातात घेतला, त्याचं नाव काढलं. काय सांगणार होते? कागद सापडला — म्हणजे त्याने दिला होता. म्हणजे अक्काकडून हरवला. म्हणजे आबांचं नाव अक्काने... फोन ठेवून दिला. उद्या करू म्हटलं. सात दिवस रोज उद्या करू म्हटलं. आठव्या दिवशी मला हलकं वाटलं, हेही लिहायला हवं. आता सांगून उपयोग नाही, असं मी स्वतःला सांगितलं. त्या कागदासाठी नवी फाइल केली. फाइलवर माझंच नाव घातलं, म्हणजे कुणी उघडणार नाही.

चार वर्षं तो कागद त्या फाइलमध्ये राहिला.

चार वर्षांत काय झालं ते विनूची बायको कल्पना मला फोनवर सांगायची. मलाच सांगायची! डॉक्टरांनी तपासण्या केल्या, म्हणाले काही नाही. विनूला वाटलं, डॉक्टर लपवतात. शिकवताना मध्येच विसरलो तर पोरं हसतील, म्हणून त्याने क्लास बंद केला आणि केळीच्या वजनकाट्यावर पावत्या लिहायला लागला. "काटा जे दाखवतो ते लिहायचं," मला म्हणाला, "डोक्याचं काम नाही." खिशात एक छोटी वही असायची. दार लावलं, गॅस बंद केला, पोरीला फोन केला — सगळं वेळ घालून लिहिलेलं. एका लग्नात पंगतीत कुणीतरी ओरडलं, "विनूभाऊ, जेवले का? वही पाहून सांगा!" सगळी पंगत हसली. विनूही हसला. आणि मग त्याने खरंच खिशातून वही काढून पाहिली. मी समोरच्या ओळीत बसले होते. पानात जिलबी होती. ती मी खाल्ली.

आणि नातेवाइकांत काय बोललं जायचं, ठाऊक आहे? अक्काने बरोबर ओळखलं होतं. सगळ्यात आधी अक्कानेच ओळखलं.

गेल्या हिवाळ्यात तो धुळ्याला आला. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घराचे, विम्याचे, पोरीच्या शिक्षणाचे कागद. "अजून समजतंय तोवर तुह्यापाशी ठेवून देतो," म्हणाला. मग ती वही काढली, कागदांची यादी लिहिलेली दाखवली, आणि ओशाळून म्हणाला, "इथं सही करशील? तुह्यावर भरोसा नाही असं नको समजू. मले आठवावं म्हणून."

मी सही केली. तीच सही, १२/१२ च्या खालची.

पुढच्या रविवारी मी असोद्याला गेले. कागद त्याच्या हातात दिला. पोरीच्या फोनवर त्याने ते अॅप घेतलं, एकेक शब्द टाकत गेला. क्रम चुकला नाही. बारावा शब्द टाकला आणि पैसे दिसले. सगळे. भाव वाढला होता, तेव्हापेक्षा कितीतरी जास्त. कल्पना रडायला लागली. विनूने मात्र स्क्रीनकडे एकदाच पाहिलं. त्याचं लक्ष कागदावर होतं.

"म्हणजे मी देला होता."

"हो."

"कूलर चालू होता."

"हो."

"शेवभाजी होती."

"हो रे."

तो मोठ्याने हसला. चार वर्षांत मी तसं हसणं ऐकलं नव्हतं. मग लाल खुणांवरून बोट फिरवत त्याने विचारलं, "कधी सापडला व?"

आणि मी म्हणाले — "परवा. माळ्यावर. माझ्याच लक्षात राहिलं नाही रे."

पाहिलंत? चार वर्षांनी सांगायला गेले, तेव्हाही परवा म्हणाले.

त्याचं हसू गेलं. त्याच्या चेहऱ्यावर ती जुनी भीती आली. या वेळी माझ्यासाठी. त्याने माझा हात धरला. "अक्का, घाबरू नको. आबांचं बठ्ठं केलं ना मी? तुह्यंही करीन."

मी मान हलवली.

लोक म्हणतात, उशिरा सापडला ते बरंच झालं, दाम वाढला. त्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. क्लास विनूने परत काढला नाही, सवय मोडली म्हणतो. पैसे त्याने नव्या बारा शब्दांखाली हलवले, आणि नवा कागद पोरीकडे दिला. अक्काला आता ओझं नको, असं त्याने कल्पनाला सांगितलं. प्लास्टिकचं फोल्डरही हळूच परत नेलं. बाकीचेही एकेक करून आपापल्या फायली नेताहेत, फार जपून बोलतात माझ्याशी. मी बोलू देते. विसरणाऱ्या माणसाला कुणी जाब विचारत नाही.

त्याने मला एक वही आणून दिली आहे, खिशात मावेल अशी. आणि रोज संध्याकाळी सात वाजता त्याचा फोन येतो. "अक्का, बीपीची गोळी घेतली का?" मी म्हणते, "बरं झालं आठवण केलीस." गोळी मी साडेसहालाच घेतलेली असते.

फोन ठेवला की कधीकधी ते जुने बारा शब्द मनातल्या मनात म्हणून पाहते. पहिल्यापासून बाराव्यापर्यंत, क्रमाने. एकही चुकत नाही.