एकशे सत्तरचे एकशे चाळीस

धाकटे,

फोनवर हा विषय काढला की तुझ्या कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात, म्हणून लिहून विचारते. भाऊजींकडे बघून अजून किती दिवस डोळे पुसणार आहेस? एक तर सांगून टाक, नाहीतर रडणं थांबव.

तू धाकटी जाऊ म्हणून या घरात आलीस ती शिलाई मशीन घेऊन. महिनाभरात पुढच्या खोलीत खिडकीखाली गिऱ्हाईकं बसायला लागली. नवं शिवणं कमी, उसवणं-आवळणंच जास्त. बायका चांगल्या सुटलेल्या असायच्या आणि तू टेप लावून बिनदिक्कत म्हणायचीस, "तुम्ही कुठे वाढलात? कापडच आटलंय मेलं." खरा आकडा मनात ठेवायचीस आणि शिवणीत दडलेली कापडाची माया उसवून गुपचूप दोन बोटं सैल करून द्यायचीस. गिऱ्हाईक खूश, कपडा अंगाला बरोबर. मी म्हटलं होतं, "लबाड आहेस." तू दाताने दोरा तोडत म्हणालीस, "वहिनी, माप मला कळलं की झालं. त्यांना कशाला?"

हीच रीत तू रक्तदाबाच्या यंत्राला लावलीस.

भाऊजींचं किल्ल्या बनवायचं दुकान. दिवसभर स्टुलावर, चालणं शून्य, राग कायम नाकावर. दाढ काढायला गेले तर दातांच्या डॉक्टरांनी आधी रक्तदाब मोजला आणि दाढेसकट परत पाठवलं. तेव्हा माझ्याशीच भांडले. "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग कसलं प्रेशर, वहिनी?"

"दुखलं असतं तर बरं होतं," मी म्हटलं. "हा रक्तदाब मेंदू, हृदय, मूत्रपिंड सगळं कुरतडतो आणि तोंडातून ब्र काढत नाही. तुमच्यासारखा बोंबलत नाही तो."

हसले. गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं, घरी रोज मोजा, आकडे कळवा, त्यावरून गोळी ठरवू.

मोजायचं काम तुझ्याकडे आलं. तू पट्टा बांधायचीस तो शिंपिणीच्या शिस्तीत: बाही वर, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पाच मिनिटं बोलणं बंद. त्यात काही खोट नव्हती. काचेवर एकशे सत्तर उमटायचं. ते चष्मा चाचपत विचारायचे, "किती गं?" तोवर तू बटण दाबून यंत्र बंद केलेलं असायचं. "एकशे चाळीस."

"बघ! उगाच घाबरवतात."

कारण एकदा खरं सांगितलंस तर ते दिवसभर नाडी धरून बसले, जेवले नाहीत, रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी आकडा आणखी वर. "चढलाय म्हटलं की चढतो, मग सांगू कशाला?" असा तुझा हिशेब. आणि आतून तू शिवण सैल करत होतीसच. स्वयंपाकातलं मीठ निम्मं केलंस, वेफर्स, बिस्किटं घरातून हद्दपार केलीस, त्यांना भाजीला मुद्दाम लांबच्या बाजारात पिटाळायला लागलीस. सगळं बरोबर गं! पण डॉक्टरांकडे आकडा पोचत होता तो तुझा. दवाखान्यात जास्त आला की भाऊजी म्हणायचे, "तुम्हाला बघून वाढतो, घरी ठीक असतो." असं पुष्कळांचं होतं, त्यामुळे डॉक्टरांना पटायचं. गोळी तीच राहिली.

मग एका सकाळी दुकानात त्यांच्या उजव्या हातातून किल्ली निसटली आणि तोंड वाकडं झालं. शेजारच्या चांभाराने वेळ न घालवता दवाखान्यात नेलं, म्हणून निभावलं. हात मात्र अजून धड पकड घेत नाही.

खाटेशी उभे राहून डॉक्टर बुचकळ्यात पडले होते. "घरचे आकडे तर फारसे चढे नव्हते. मग हे कसं?"

तू तोंड उघडायच्या आत भाऊजी जड जिभेने बोलले, "चूक माझी. ही घरी मीठ तोडायची आणि मी दुकानात खारे दाणे खायचो. डबा भरून ठेवला होता. हिला बोल लावू नका."

तू पायथ्याशी चादरीची सुरकुती सरळ करत राहिलीस. सरळ झाली तरी करत राहिलीस.

आता गोळ्या वाढल्यात, आकडा खरा सांगतेस, दाबही आटोक्यात आहे. पण तो माणूस उठता-बसता तुझी माफी मागतो. "तुझं ऐकलं असतं तर तुला हे करावं लागलं नसतं," म्हणतो, आणि तू घास भरवता भरवता आत पळतेस. दाण्यांचा वाटा आहेच, मी नाही म्हणत नाही. पण तुझाही वाटा त्याने एकट्याने वाहायचा? त्या आजारी खांद्यावर?

तोंडावर सांगवणार नाही म्हणालीस, म्हणून ठरलं की दोघींनी आधी डॉक्टरांकडे जायचं. ते बेताबेताने भाऊजींच्या कानावर घालतील. मी वेळेवर येऊन जिन्याखाली उभी राहिले. तू पर्स घेऊन उतरलीस. चपला पायात होत्या. वरून हाक आली, "अगं, बाहीचं बटण लागत नाहीये." तू वर गेलीस. बऱ्याच वेळाने आलीस ती अनवाणी.

"आज राहू दे, वहिनी. आत्ताच म्हणाले, तू आहेस म्हणून मी आहे."

मीही शहाणी! म्हटलं, बरं, उद्या जाऊ. मग डॉक्टर गावाला गेले, मग तुझ्याकडे शिवण साठलं, मग माझा गुडघा. दवाखान्यात आपण दोघी अजून गेलेलो नाही.