वाळवंटाच्या सिनेमातला दोष

वर्तमानपत्रात सिनेमांवर लिहिणाऱ्या बाईंना कचेरीत सगळे 'कात्री' म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तशा त्या भित्र्या. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढायच्या. पण लिहायला बसल्या की कुणाची भीडभाड ठेवायच्या नाहीत.

राज्य लष्कराच्या हाती गेलं त्याच वर्षी वाळवंटातल्या लढाईचा एक जुना, गाजलेला सिनेमा पुन्हा थिएटरात लागला. नव्या सत्ताधाऱ्यांचा तो भारी लाडका. कात्रीबाईंनी नेहमीसारखे गुणदोष लिहिले. वारा सुटून वाळूची टेकडी सरकते आणि तिच्या पोटात गाडलेला ट्रक उघडा पडतो, त्या दृश्याला तोड नाही, असं लिहिलं. सेनापती अवाक्षर न बोलता खोगीर आवळतो, तेवढ्यावरून उद्या लढाई आहे हे कळतं, त्याचंही तोंडभरून कौतुक केलं. मग लिहिलं: फौज वाटेतलं गाव जाळते तेव्हा संगीत टिपेला जातं, पण त्या गावातल्या एकाही माणसाचा चेहरा आपल्याला दिसत नाही.

तेव्हा मजकूर छापण्याआधी सरकारी कचेरीत दाखवावा लागे. दुसऱ्याच दिवशी साध्या कपड्यातले दोघे जण आले, एक उंच, एक जाडा. संपादकांनी चष्मा पुसायला घेतला तो पुसतच राहिले.

"बाई, सिनेमा नीट बघितलेला दिसत नाही तुम्ही," उंच माणूस अदबीनं म्हणाला. "चला, पुन्हा बघू."

नवऱ्याला फोन करायला उचललेला हात बाईंनी परत खाली ठेवला. काय सांगणार होत्या? सिनेमाला चालले म्हणून?

रिकाम्या थिएटरात त्यांना मधोमध बसवलं आणि ते दोघे बरोबर मागच्या रांगेत बसले. पडद्यावर वाळू लखलखत होती, पण बाईंचं सगळं लक्ष पाठीत होतं. मागची खुर्ची करकरली की मान आपोआप आखडायची. पडद्यावरच्या सैनिकांनी पाण्याची पिशवी तोंडाला लावली तेव्हा बाईंचेही ओठ हलले. गाव जळू लागलं. बाईंनी डोळे मिटले, आणि लगेच उघडले. मिटलेले दिसले तर?

मध्यंतरानंतर मागून घरघर ऐकू येऊ लागली. कोणीतरी गळा दाबतंय असं वाटून बाई गारठल्या. मग कळलं, जाडा घोरत होता.

उंच माणूस पुढे वाकला. त्याचा श्वास त्यांच्या कानाला लागला.

"आता सांगा. काय दोष आहे?"

बाईंना गावाचं बोलायचं होतं. शब्द जिभेपर्यंत आलेही. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"साहेब... उत्तरार्ध जरा लांबलाय."

त्यानं मागे वळून आपल्या सोबत्याकडे पाहिलं. जाड्याचं तोंड सताड उघडं होतं. क्षणभर वाटलं, हा हसेल. तो हसला नाही.

"एवढाच लिहा," तो म्हणाला. "बाकीचा नको."

तेवढाच दोष छापून आला. घरी नवऱ्यानं पेपर वाचला आणि विचारलं, "अगं, ते गावाचं म्हणत होतीस ना?" बाईंनी उठून आधी खिडकी लावली. मग कुजबुजत, एखादं पाप सांगावं तसं, त्याला सगळं सांगितलं. त्यानं पेपरची घडी घातली. म्हणाला, "जिवंत परत आलीस, पुष्कळ झालं." ते काही त्यांना पटलं नाही.

पुढे सरकार बदललं, बाई लिहीत राहिल्या, कात्रीला धारही पुन्हा आली. मात्र थिएटरात त्या शेवटच्या रांगेतच बसत, पाठीशी भिंत घेऊन. डोअरकीपर थट्टा करायचा, "बाई, इथून काय दिसतं हो तुम्हाला?"

"सगळे दिसतात," त्या म्हणायच्या, आणि दिवे मालवले तरी थोडा वेळ पडद्याऐवजी माणसांकडेच बघत राहायच्या.